पिंपाची घोडी

पिंप उभं ठेवायचं की आडवं, हा प्रश्न मुळात फार अवघड नाही. जगात पुष्कळ घरांत पिंपं आहेत आणि ती कशीतरी ठेवलेली असतात. पण आमच्या मस्तगडातल्या घरात हा प्रश्न संक्रांतीच्या सुमारास निघाला आणि वैशाखाची झळ लागेपर्यंत सुटला नाही. तेवढ्या काळात मी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या, शेजाऱ्याच्या दाढीचा सत्यानाश केला, आणि सरकारी दप्तरात माझ्या नावापुढे असं काही लागलं की वीस वर्षं इमानानं अहलकारी, म्हणजे सरकारी कारकुनी, केलेल्या माणसाच्या नावापुढे ते लागू नये. आता मी थकलो आहे. पण लोक मला बाजारात थांबवून विचारतात, आणि प्रत्येक जण काहीतरी भलतंच ऐकून आलेला असतो, म्हणून एकदाच सगळं बराबर सांगून टाकतो.

दिवाळीत आमची रमा विहिरीवर पाय घसरून पडली आणि तिचा उजवा हात मोडला. हाड बसवणाऱ्यानं तो बसवला, पण कसा बसवला ते त्याचं त्याला ठाऊक. हात जोडला गेला, पण खांद्याच्या वर जाईना. घागर उचलायची तर गोष्टच सोडा. मुलगी रजनी सासरी, घरात आम्ही दोघंच. तेव्हा पाणी आणायचं काम माझ्याकडे आलं. रोज पहाटे उठून, धोतर खोचून, गल्लीच्या टोकाच्या विहिरीवर मी बायकांच्या रांगेत उभा राहू लागलो. कचेरीत मला लोक लवून सलाम करतात हो! आणि इथं झुंबरबाई नावाची एक म्हातारी रोज मला विचारायची, "काय अहलकारसाहेब, आज किती खेपा? सांडून नका राहू बरं, मागच्यांचे पाय घसरते." घागर खांद्यावर असताना माणसाला करारी उत्तर देता येत नाही.

श्रीपती नावाचा पाणक्या आमच्या भागात कावडीनं पाणी घालतो. तो म्हणाला, "पंत, मला रोज यायला जमणार न्हाई. पण चार दिवसांआड बारा खेपा टाकून जाईन. तुम्ही साठवायचं भांडं करा." म्हणजे सगळा अडला गाडा एका भांड्यापाशी आला. भांडं मोठं पाहिजे, आणि त्याला खाली तोटी पाहिजे, म्हणजे रमेला वाकून उपसायला नको, उचलायला नको. डाव्या हातानं तोटी फिरवली की काम झालं. इतकी साधी गोष्ट होती. मी हे पुन्हा सांगतो, कारण पुढं जे झालं त्यात हे विसरायला होतं.

त्याच आठवड्यात एका सरकी काढायच्या कारखान्याचा गोरा साहेब विलायतेला निघाला आणि त्याच्या बंगल्यावर सामानाचा लिलाव झाला. मी पोचेपर्यंत खुर्च्या, मेजं, आरसे सगळं गेलं होतं. कोपऱ्यात एक लाकडी पिंप तेवढं उरलं होतं. चांगलं पोटुळं, लोखंडी पट्ट्या आवळलेलं, एका अंगाच्या सपाट बाजूला तोटी आणि पोटावर बूच. जणू माझ्यासाठीच ठेवलेलं! साहेबाचा खानसामा शेजारी उभा होता. मी विचारलं, "यात पाणी चांगलं राहील का?" तो म्हणाला, "राहेगा ना हुजूर. साब रोज इसी में से पीते थे." माणसानं एक शब्द खोटा सांगितला नाही, हे मला आज कबूल केलं पाहिजे.

पिंपावर तापल्या लोखंडानं इंग्रजी अक्षरं डागलेली होती. माझं सगळं शिक्षण उर्दू-फारसीतलं, पण स्टेशनवरच्या पाट्या वाचण्याइतकी इंग्रजी अक्षरं मला येतात. पी, ओ, आर, टी. मी शाळेतल्या मास्तरांकडे जाऊन त्यांचा शब्दकोश पाहिला. पोर्ट, म्हणजे बंदर. झालं! पिंप मुंबई बंदरातून उतरलेलं होतं, विलायती माल. मी घरी येऊन रमेला म्हणालो, "हे बंदराचं पिंप आहे. समुद्र ओलांडून आलंय." रमेनं बूच काढून आत नाक घातलं, थोडा वेळ तशीच राहिली आणि म्हणाली, "बरं आहे." मग तिनं चिंच आणि राख आणून, काठीला चिंध्या बांधून, ते बुचाच्या भोकातून डाव्या हातानं घासायला घेतलं. तीन दिवस घासत होती.

तोटी सपाट बाजूला, म्हणून पिंप आडवं ठेवणं भाग. आडवं ठेवलं तर ते लोळणार, म्हणून खाली काहीतरी बैठक पाहिजे. शिवाय तोटीखाली घागर बसली पाहिजे म्हणून बैठक गुडघाभर उंच पाहिजे. घासलेटच्या डब्यांची चार खोकी घरात होती. मी विचार केला, यात सुतार कशाला? ज्या माणसानं वीस वर्षं दप्तरं रचली त्याला चार खोकी रचता येणार नाहीत काय?

खोकी रचली, खिळे मारले, पिंप वर चढवलं. ते फार सुंदर दिसत होतं. मी रमेला हाक मारायला वळलो, एवढ्यात मागं काहीतरी करकरलं. पिंप ओट्यावरून उतरलं, दोन पायऱ्या उतरलं, गल्ली ओलांडून समोर गेलं. समोर काकासाहेब राहतात. काकासाहेबांची शेती धावड्याला, राहणं मस्तगडात, आणि सल्ला मात्र बारमाही. ते त्या वेळी आपल्या ओट्याखाली खाटेवर बसून न्हाव्याकडून दाढी करून घेत होते. न्हावी उडी मारून बाजूला झाला. काकासाहेब अर्ध्या दाढीनिशी खाटेसकट भिंतीला लागले. कुणाला लागलं नाही, हे देवाचे उपकार, पण न्हाव्याचा हात इतका कापू लागला की त्यानं उरलेली दाढी करायला साफ नकार दिला. काकासाहेब तीन दिवस उपरण्यानं अर्धं तोंड झाकून हिंडत होते.

मी माफी मागायला गेलो तर ते रागावलेच नाहीत. उलट त्यांना फार आनंद झालेला दिसला. "गिरिधरपंत, असं कामाचं न्हाई. मला आधी विचारायचं ना! मी सांगतो तसं करा." ते त्या दिवसापासून रोज सकाळी आमच्याकडे येऊ लागले. आल्या आल्या पिंपाचं बूच काढायचे, लांब श्वास घ्यायचे आणि मग सल्ल्याला सुरुवात करायचे. "याला मनुकांचा वास येऊन राह्यला पंत," असं ते पहिल्या दिवशी म्हणाले. मी म्हणालो, "विलायती लाकडाचा आहे तो." "असेल," असं म्हणून त्यांनी पुन्हा श्वास घेतला. काही दिवसांनी ते दिवसातून दोनदा येऊ लागले. पिंपाचं तोंड पूर्वेला करावं की उत्तरेला, बैठकीला पाय तीन असावेत की चार, या सगळ्यांवर त्यांची मतं होती आणि ती रोज वेगळी असत.

शेवटी पुंजाराम सुतार आला. त्यानं पिंपाभोवती दोन चकरा मारल्या, ठोकून पाहिलं, मापं घेतली आणि जमिनीवर बसून तंबाखू मळायला लागला. मी म्हणालो, "काय पुंजाराम, जमेल?"

"जमतंय की. घोडी करावी लागंल."

"घोडी?"

"मंग! पिंपाला घोडीच असती. चार पाय, वरून दोन आडव्या, आडव्यांना पिंपाच्या पोटाबराबर खोबण. मंग पिंप असं बसतंय, काय हालायचं न्हाई. पर लाकूड सागाचं पायजे."

"बाभळीचं चालणार नाही?"

पुंजारामनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी त्याच्या आईबद्दल काही बोललो असंच वाटावं. "पाणी भरल्यावर ह्याचं वजन किती व्हतंय ठावं हाय का अण्णा? बाभूळ वाकडी व्हती. मंग पिंप पुन्हा काकासाहेबांकडं जाईल. मला काय, जाऊ द्या."

"नको, नको!" काकासाहेब घाईघाईनं म्हणाले. "साग मी देतो. धावड्याच्या शेतात मागच्या वादळात एक झाड पडलंय. त्याचा एक ओंडका आणा. बिलकुल फुकट."

फुकट हा शब्द ऐकून मला आनंद झाला, आणि तिथंच माझं चुकलं. कारण साग हे सरकारी झाड. उभं असो की पडलेलं, आपल्या शेतात असो की दुसऱ्याच्या, कचेरीच्या चिठ्ठीशिवाय त्याची काठीसुद्धा हलवता येत नाही. ही लाकडाची कचेरी कुठली ते मी सांगत नाही. मला अजून नोकरी करायची आहे.

अर्ज लिहायला लोक मुन्शीकडे जातात. मी कशाला जाऊ? माझी उर्दू आमच्या कचेरीत नावाजलेली आहे. वरच्या साहेबाकडे कठीण मसुदा जायचा असला की तो माझ्याकडे येतो. मी एका रविवारी अंघोळ करून, नवा टाक घेऊन बसलो आणि अर्ज लिहिला. अर्जात जितकं जास्त लिहावं तितकं वजन पडतं, असा माझा अनुभव आहे, म्हणून मी सगळी हकीकत घातली. त्यातलं मुख्य वाक्य मला आजही पाठ आहे, कारण नंतर ते मला पुष्कळ जणांनी वाचून दाखवलं. त्यातला फिदवी म्हणजे अर्जदार, मी. "फिदवी के घर में बंदर का एक पीपा है, जिस के वास्ते एक घोडी की सख्त जरूरत है, लिहाजा धावडे से सागवान का एक लकडा लाने की इजाजत अता हो."

मी हे रमेला वाचून दाखवलं. तिला उर्दू कळत नाही. ती म्हणाली, "छान वाटतंय."

पंधरा दिवसांनी कचेरीतून चार सवाल आले. सवाल आले म्हणजे अर्ज वाचला गेला, या विचारानं माझी छाती फुगली. पहिला सवाल, बंदर की उमर क्या है? मला जरा नवल वाटलं, पण लाकडाच्या कचेरीला मालाचं मूळ पाहिजे असेल. मी लिहिलं, ठीक मालूम नहीं, बहुत पुराना है, अंग्रेजों से पहले का. दुसरा सवाल, कहाँ का है? लिहिलं, मुंबई का. तिसरा, घोडी की किस्म और रंग? लिहिलं, किस्म सागवान, रंग अभी कुछ नहीं, तेल पिलाने के बाद आएगा. चौथा, दोनों किस तरह रखे जाएँगे? हा मला सगळ्यांत आवडला. कचेरीला आपल्या पिंपाची काळजी आहे, असं वाटलं. मी खुलासेवार लिहिलं की गुसलखाने के बाजू में, घोडी के चारों पैर जमीन में गाडे जाएँगे और पीपा उस पर सवार रहेगा.

यानंतर महिनाभर काही आलं नाही. ऊन वाढलं. विहिरीचं पाणी खाली गेलं आणि दोर लांब झाला. झुंबरबाई म्हणाली, "अहलकारसाहेब, तुमचा खांदा आता बायकांसारखा तयार झालाय." रमा घरात डाव्या हातानं भाकरी थापायची. ती एका बाजूला जाड व्हायची आणि दुसऱ्या बाजूला फाटायची. मी मुकाट्यानं खात असे. एकदा ती केस विंचरताना हात वर नेऊ लागली आणि मध्येच थांबून फणी खाली ठेवली. मी पाहिलं हे तिला कळलं. "उगा आपलं पाहून राह्यले होते, जातो का वर," ती म्हणाली आणि उठून गेली. तिच्या त्या उठून जाण्यानं मला दिवसभर काही सुचलं नाही.

मग बोलावणं आलं. लाकडाच्या कचेरीत वरच्या साहेबापुढे कागद ठेवणारे पेशकारसाहेब माझ्या ओळखीचे, वयानं मोठे, सभ्य माणूस. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला आणि फार हळू आवाजात विचारलं, "गिरिधरराव, घर में सब खैरियत?"

"जी, खैरियत."

"नौकरी से जी भर गया क्या? बीस साल की नौकरी, इज्जतदार आदमी... ये तमाशे का खयाल कैसे आया?"

मला काही उलगडेना. त्यांनी माझा अर्ज पुढं केला. अर्जावर लाल शाईनं शेरा होता आणि तो मी वाचला. अहलकार गिरिधर यांनी एक म्हातारं मुंबईचं माकड पाळलं असून, त्याला पिंपावर बसवून, पिंप घोडीवर ठेवून खेळ करण्याचा त्यांचा इरादा दिसतो. घोडी सागवानी जातीची म्हणतात, अशी जात या कचेरीला माहीत नाही. तिला तेल पाजतात आणि तिचे पाय जमिनीत गाडतात, ही जनावरावर जुलमाची बाब आहे. तरी मदाऱ्याचा परवाना आहे किंवा कसे?

त्या वेळी मला काय वाटलं हे मी सांगू शकत नाही. माझी उर्दू! समुद्राचं बंदर आणि झाडावरचं बंदर उर्दूत एकसारखंच लिहितात, हे मला काय माहीत नव्हतं? लहान पोराला माहीत आहे. पण माणूस एकदा बंदर म्हणजे समुद्र असं ठरवून बसला की त्याला शेपटी दिसत नाही. मी पेशकारसाहेबांना सगळं समजावून सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांचे फक्त खांदे हलत होते. शेजारच्या मेजावर हैदराबादेहून शिकून आलेले एक तरुण नायबसाहेब बसले होते, त्यांना इंग्रजी येत होतं. ते म्हणाले, "पीपे पर क्या लिखा है, जरा लिख के बताइए."

मी लिहून दाखवलं. पी, ओ, आर, टी.

नायबसाहेबांनी कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि उठून दार लोटून घेतलं. "राव साहब," ते म्हणाले, "ये न समंदर का बंदर है, न झाड का. ये शराब का नाम है. अंगूर की शराब."

मी वीस वर्षांत कचेरीत पाणी मागितलं नव्हतं. त्या दिवशी मागितलं.

मग त्या दोघांनी मला माझी परिस्थिती समजावून सांगितली. अर्ज दाखल झालेला होता, त्यावर शेरा पडलेला होता, आणि शेरा पडलेला कागद परत घेता येत नाही हे मला त्यांनी सांगायची गरज नव्हती. त्या एका शब्दाचा अर्थ मी लिहून द्यायचा होता, आणि वाटा तीन होत्या. अर्थ दारू असा दिला तर कागद आबकारीकडे जाणार. ते पिंप जप्त करतील, आणि सरकारी नोकराच्या घरात दारूचं पिंप कसं, याची चौकशी लागेल. अर्थ समुद्राचं बंदर असा दिला तर माल परमुलखातून आलेला ठरतो. मग कागद करोडगिरीकडे, म्हणजे जकातवाल्यांकडे, जाऊन तिथून हैदराबादेला जाईल, आणि तो परत येईपर्यंत पिंपाला लाखेचं सील लागेल. "दो साल," पेशकारसाहेब म्हणाले. "जल्दी हुई तो डेढ."

"आणि तिसरी?"

पेशकारसाहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. "तिसरे में कुछ नहीं है. अर्ज जैसा है वैसा ही रहने दो. बंदर का मतलब बंदर. पालतू जानवर का परवाना यहीं मिलता है, आठ दिन में. लकडे की चिठ्ठी भी उसी के साथ." ते जरा थांबले. "सिर्फ दस्तखत करना पडेगा कि आप बंदर पालते हैं. और पेशे के खाने में... कुछ तो लिखना पडेगा."

मी घरी आलो. वाटेत मी फार ताठ मानेनं चाललो असेन, कारण मस्तगडाच्या चढावर मान दुखायला लागली. माझे वडील अंबडच्या कोर्टात वकील होते. आमच्या घराण्यात कुणी माकड पाळलं नव्हतं. मी मनाशी ठरवलं होतं की पिंप फोडून चुलीत घालायचं आणि विषय संपवायचा. पहाटे उठून पाणी आणणारे नवरे जगात थोडे आहेत, त्यात मी एक, असं समजायचं.

रमा ओसरीत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. माकडाचं सांगितलं, समुद्राचं सांगितलं. दारूचं सांगताना माझी जीभ अडखळली. घरात सोवळं पाळणारी बाई ती, तीन दिवस राखेनं पिंप घासलेलं.

"ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं," ती म्हणाली.

"कळलं होतं? आणि बोलली नाहीस?"

"मला काय नाक न्हाई का? समुद्राला मनुकांचा वास असतो व्हय?" ती खाली बघत होती. "मी म्हणलं, घासून काढीन. पिण्याचं न्हाई ठेवायचं त्यात, वापरायचं ठेवू. देवाला काय कळत न्हाई का, कशापायी ठेवलंय ते? तुम्ही पहाटे घागर घेऊन जाता ना, मला अंथरुणात पडून ऐकू येतं. दोर ओढताना तुम्ही कण्हता. सगळ्या आळीला ऐकू येतं. ते मला न्हाई सहन होत. हाताचं काय, हात आपला राहिला तसा."

मला वाटत होतं की पिंप तिच्या हातासाठी आणलंय, आणि ती तीन दिवस ते घासत होती माझ्या कण्हण्यासाठी. मला गहिवरून आलं, हे मी लपवत नाही. तिनं मला सही कर असं एकदाही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेलो आणि सही केली. बंदर, एक. नर. उमर, पुरानी. पेशाच्या रकान्यात पेशकारसाहेबांनी दयाळूपणानं "अहलकारी व मदारी" असं लिहिलं, अहलकारी आधी घालून. मी त्यांचे आभार मानले.

आठ दिवसांत ओंडका आला. पुंजारामनं घोडी केली आणि खरं सांगायचं तर फार चांगली केली. तो मधल्या काळात माझ्यावर रुसला होता, कारण पाय जमिनीत गाडायचे असं मी त्याला न विचारता अर्जात लिहिलं होतं. "माझी घोडी गाडायची न्हाई," तो म्हणाला. "ती आपल्या पायावर हुभी राहती." शेवटी नुसते चार दगड पायांना लावून आम्ही तडजोड केली. पिंप वर चढलं, खोबणीत बसलं आणि हललं नाही. काकासाहेबांनी दोन्ही हातांनी ढकलून पाहिलं, बूच काढून श्वास घेतला आणि पूर्वीसारखा वास राहिला नाही म्हणून हळहळले.

पण पाणी भरता येईना. परवान्यात अट होती की कचेरीचा जमादार येऊन बंदर, पीपा आणि घोडी अशा तिन्ही बाबी डोळ्यांनी पाहून शेरा देईल, तोवर काही वापरायचं नाही. जमादार आज येतो, उद्या येतो, असे बारा दिवस गेले. पिंप कोरडं घोडीवर बसलेलं, श्रीपती कावड घेऊन तयार, आणि मी विहिरीवर. त्यात ही चिंता की जमादार आलाच तर माकड दाखवायचं कुठून? काकासाहेब म्हणाले, धावड्याच्या रानात पुष्कळ आहेत, एक धरून आणू. मी त्यांना हात जोडले.

तेराव्या दिवशी सकाळी मी शेवटची खेप घेऊन येत होतो. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, अंग भिजलेलं, डोक्यावर टोपी नाही, खांद्यावर घागर. आमच्या ओट्यावर जमादार बसला होता. म्हातारा, पांढऱ्या दाढीचा, मांडीवर कागद. समोर दारात रमा उभी होती, डोक्यावरून पदर घेऊन. काकासाहेब अर्थातच हजर होते. मी कोपऱ्यावर होतो, तिथून मला बोलणं ऐकू आलं.

"पीपा देखा," जमादार म्हणाला. "घोडी बी देखी. अच्छी है. अब बंदर किधर है बाई?"

मी तिथंच थबकलो. आता पिंप गेलं, चिठ्ठी गेली, बहुधा नोकरीही गेली.

रमा शांतपणे म्हणाली, "ते व्हय? पानी लाने गया."

"पानी लाता है?" जमादारानं लेखणी खाली ठेवली.

"रोज लातं. पहले बहुत सांडायचं. आता न्हाई सांडत."

"मारता-काटता तो नहीं?"

"न्हाई, न्हाई. कुरकुर करतंय जरासं. पण गरीब आहे."

मला पुढं जावंच लागलं. घागर जड झाली होती आणि ठेवायला ओट्याशिवाय जागा नव्हती. मी आलो. जमादारानं वर पाहिलं. आधी माझ्या ओल्या पायांकडे, मग घागरीकडे, मग तोंडाकडे. त्यानं कागदावरचं नाव वाचलं. मग परत माझ्याकडे पाहिलं. काकासाहेब भिंतीकडे तोंड करून उभे राहिले होते आणि त्यांचं उपरणं तोंडात होतं.

जमादारानं मांडीवरचा कागद सरळ केला. मग त्यानं लेखणी बुडवली आणि लिहिताना मोठ्यानं वाचलं, "बंदर हाजिर. तबीयत ठीक. मालकीण के हुक्म में है."

आणि रमा हसली. पदर तोंडाला लावून, दाराच्या चौकटीला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. दिवाळीपासून मी तिचं हसणं ऐकलं नव्हतं, आणि ते किती दिवस झाले हेही मला तेव्हाच कळलं. मी घागर खांद्यावर घेऊन तसाच उभा होतो. मला राग यायला पाहिजे होता. आला नाही.

त्याच दुपारी श्रीपतीनं बारा खेपा टाकल्या. रमेनं डाव्या हाताच्या दोन बोटांनी तोटी फिरवली आणि पाणी आलं. एक फळी थोडी पाझरली, दोन दिवसांत फुगून बंद झाली.

परवाना दरवर्षी नवा करावा लागतो. उन्हाळा तोंडावर आला की मी ठेवणीतला कोट घालून त्या कचेरीत जातो आणि बाहेरच्या बाकावर खऱ्या मदाऱ्यांच्या रांगेत बसतो. त्यांची माकडं माझ्या टोपीला हात घालतात. नाव पुकारलं की आत जाऊन, "बंदर अभी जिंदा है?" या रकान्यात "जी, जिंदा है" असं स्वच्छ अक्षरात लिहितो आणि खाली सही करतो.